पन्नाशीतल्या मैत्रिणी आणि चेन्नईचा डिसेंबर

जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’च्या मैफली नवी मुंबईत आणि अहमदाबादेत झाल्या, तेव्हा त्या तारखांना हॉटेलात खोली मिळणे मुश्कील झाले होते. महिनाअखेरीस भुवनेश्वरच्या एका परिषदेत पंतप्रधानांनी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा उल्लेख केला आणि गाण्यासाठी होणारा प्रवास हा अर्थकारणाच्या चर्चेचा विषय झाला. या चर्चेतला प्रवासी बहुतेक वेळा पंचविशीतला असतो. पण गाण्यासाठी गाव सोडणारा आणखी एक वर्ग आहे आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. तो आहे पंचेचाळीस ते साठ वयाच्या मैत्रिणींचा. मुले मोठी झालेली, नोकरी शेवटच्या टप्प्यात किंवा नुकतीच संपलेली, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर तीन वर्षे नुसतेच ‘या वर्षी नक्की जाऊ या’ चाललेले. मराठी प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत ‘फक्त महिलांसाठी’ सहली आता नेहमीच्या झाल्या आहेत. त्याहून वेगळा, स्वतःच बेत आखून एखाद्या संगीताच्या शहरात चार दिवस राहून येण्याचा विचारही अनेकींच्या मनात असतो.

अशा बेतासाठी डिसेंबरातल्या चेन्नईइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल. मार्गळी हा तमिळ महिना डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. त्या काळात म्युझिक अकादमी, नारद गान सभा, कृष्ण गान सभा अशा अनेक संस्थांच्या सभागृहांत सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली सुरू असतात. म्युझिक अकादमीची स्थापना १९२८ ची. १९२७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, त्याला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून ती उभी राहिली. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईचा समावेश संगीतासाठीच्या सर्जनशील शहरांच्या यादीत केला. पुण्या-मुंबईहून विमानाने हे अंतर सुमारे दोन तासांचे आहे आणि रेल्वेने जवळपास एका दिवसाचे.

आरोग्याच्या सदरात या सहलीचे काय काम, असा प्रश्न पडू शकतो. त्याची दोन उत्तरे आहेत. मैत्री हा आता जागतिक आरोग्य धोरणाचा विषय झाला आहे. आणि ज्या वयात या सहली निघतात, त्या वयातल्या स्त्रीचे शरीर एका मोठ्या बदलातून जात असते, पण तिच्या प्रवासाचा बेत मात्र ती तीस वर्षांची असल्यासारखा आखला जातो.

मैत्रीचा पुरावा किती?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सामाजिक नातेसंबंधांवरचा पहिलाच ठराव संमत केला. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध जोडता येतो. त्याआधी २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांची आणि तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली होती. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक दिसली.

गाण्याबद्दलही काही आकडे आहेत. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० जणांची चौदा वर्षांची माहिती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. दर काही महिन्यांनी मैफल, नाटक किंवा संग्रहालयाला जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी होता. सुट्टीबद्दलही एक जुना संदर्भ आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ४५ ते ६४ वयाच्या स्त्रियांवर वीस वर्षे नजर ठेवली गेली. तिथल्या गृहिणींमध्ये क्वचितच सुट्टीवर जाणे आणि एकटेपणा या दोन्हींचा हृदयविकाराशी संबंध आढळला.

हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, आणि त्यांच्याकडून जेवढे मिळते तेवढेच घ्यावे. जी बाई मैफलींना जाते तिच्याकडे बहुधा पैसा, चालते गुडघे आणि मोकळी संध्याकाळ असते. या तिन्ही गोष्टींनी आयुष्य तसेही वाढते. आकडे तपासताना संशोधक शिक्षण, उत्पन्न, आजार यांचा परिणाम वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण वजा होत नाही. चार दिवसांच्या सहलीने आयुष्य वाढते असे कोणी सिद्ध केलेले नाही. पुरावा आहे तो वर्षानुवर्षे टिकलेल्या नात्यांच्या बाजूने. सहल त्या नात्याला मिळालेला एक चांगला निमित्ताचा धागा ठरू शकते, आणि तो धागा टिकेल की नाही हे बऱ्याच अंशी बेत कसा आखला यावर अवलंबून असते.

आखण्याबद्दल एक अभ्यास इथे उपयोगी आहे. नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा आनंदी होते, पण जाण्याच्या आधी. परतल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. ज्यांनी आपली सुट्टी ‘अगदी निवांत’ गेली असे सांगितले, फक्त त्यांच्यात आनंद काही काळ टिकला. म्हणजे जाण्याआधीचे दोन-तीन महिने हा सहलीचाच भाग आहे, आणि पळापळीची सहल घरी काही घेऊन येत नाही.

एकोणपन्नासनंतर

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. पाळी थांबण्यापूर्वीची काही वर्षे अनियमित रक्तस्रावाची, तुटक झोपेची, अंगातून एकदम गरम वाफा येण्याची आणि कारण नसताना डोळ्यांत पाणी येण्याची असतात. नेमक्या याच वर्षांत रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि गुडघे हे विषय घरात येतात. मुलांची लग्ने किंवा परदेशी जाणे आणि सासू-सासऱ्यांचे किंवा आई-वडिलांचे आजारपणही याच वर्षांत.

सरकारी नजरेतून मात्र ही स्त्री या वयात निसटू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती १५ ते ४९ या वयोगटापुरत्या असतात, कारण आपली आरोग्ययंत्रणा स्त्रीकडे प्रामुख्याने माता म्हणून पाहत आली. बाळंतपणासाठी तिला वेळोवेळी तपासले जाते, पण त्यानंतर तिच्या गर्भाशयाची आठवण बहुतेक वेळा ते काढायचे ठरते तेव्हाच होते.

सहलीमुळे यात एक फट पडू शकते. एरवी ‘बघू नंतर’ म्हणून टाळलेली तपासणी प्रवासाच्या निमित्ताने होते. म्हणून मैत्रिणींच्या बेताची सुरुवात विमानाच्या तिकिटांऐवजी दवाखान्याच्या एका फेरीने झाली तर त्यात नुकसान काही नाही.

आधी घराचा बेत

त्याहीआधी एक अडथळा असतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात सहभागी असलेली स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामाला देते आणि पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांमध्ये हा वेळ ३०५ मिनिटे आहे. २०१९ मध्ये तो ३१५ मिनिटे होता. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली.

हा आकडा सहलीच्या बेतात थेट उतरतो. चार दिवस बाहेर जाणारी स्त्री बहुतेक वेळा चार दिवसांचे घरकाम आदल्या तीन दिवसांत करून ठेवते. पोळ्या करून गोठवून ठेवणे, भाज्या चिरून डब्यांत भरणे, कपड्यांच्या घड्या, औषधांच्या चिठ्ठ्या, कामवाल्या बाईंना सूचना. मग ती विमानात बसते ती झोप अपुरी, पाठ धरलेली आणि डोके दुखत असलेल्या अवस्थेत. पहिला दिवस झोपेत जातो, दुसऱ्या दिवशी घरून फोन येतो, ‘गॅसचा नंबर कुठे लिहून ठेवलाय?’

डॉक्टरांच्या दृष्टीने हे सहलीचे पहिले आजारपण आहे आणि ते टाळता येते. तीन महिने हाताशी असतील तर घरातल्या माणसांकडे एकेक काम आधीच सोपवून बघता येते. एका रविवारी स्वयंपाक, एका आठवड्यात औषधे, एकदा सासूबाईंना घेऊन फिजिओथेरपिस्टकडे. आधी सराव झालेला असेल तर त्या चार दिवसांत कुणाची धांदल उडत नाही. अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल तर मात्र कौतुकाच्या शब्दांवर भागत नाही. भाऊ, नणंद किंवा पगारी मदतनीस यांपैकी कोण कोणत्या वेळी असेल, हे कागदावर हवे.

औषधांची पिशवी

धरून चालू की गटात पाच जणी आहेत, वय ४६ ते ५८. सगळ्यांत तरुण मैत्रिणीची पाळी अजून येते, पण कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास. तिला साहजिकच पाळी पुढे ढकलणारी गोळी घ्यावीशी वाटते. लग्नकार्य, पूजा किंवा तीर्थयात्रेसाठी ‘नॉरएथिस्टेरॉन’ असलेल्या या गोळ्या आपल्याकडे सर्रास आणि अनेकदा चिठ्ठीशिवाय घेतल्या जातात. चाळिशीनंतर यात दोन अडचणी आहेत. ही गोळी अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू करावी लागते. पाळीची तारीखच सांगता येत नसेल तर हा हिशेब जमत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पाळी लांबवण्यासाठी लागणाऱ्या मात्रेत या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. पूर्वी गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेलेली स्त्री ही गोळी घेऊ शकत नाही. वजन जास्त असेल, धूम्रपान किंवा अर्धशिशीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

त्यातच लांबचा प्रवास येतो. चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या प्रकल्पात दिसले. मुळात हा धोका लहान आहे. निरोगी माणसांत सुमारे सहा हजार प्रवासांमागे एक. दोन तासांच्या विमानाला त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण दिवसभराची रेल्वे, गोळी आणि वजन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काळजी घ्यावी. दर तासा-दीड तासाने उठून डब्यात चालावे, बसल्या जागी पोटऱ्या हलवाव्यात, पाणी पीत राहावे. परतल्यावर काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गटातल्या दुसऱ्या मैत्रिणीची पाळी थांबून दोन वर्षे झाली आहेत आणि मागच्या महिन्यात तिला थोडासा डाग दिसला. ‘दगदगीने झाले असेल’ म्हणून ती गप्प आहे. पाळी थांबून वर्ष झाल्यावर दिसलेला कोणताही रक्तस्राव, कितीही थोडा असला तरी, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवा. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असते, आणि या टप्प्यावर तो सापडला तर उपचार चांगले होतात. ही तपासणी सहलीनंतरवर ढकलू नये. ज्या मैत्रिणीला पाळीत अतिरक्तस्राव होतो, तिने निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहावे. १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आहे. जिने चढताना लागणारी धाप नेहमी वयाचीच असते असे नाही.

संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल सध्या पुन्हा चर्चा आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनंतर जगभर या औषधांची धास्ती बसली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या औषध नियामकाने रजोनिवृत्तीच्या संप्रेरक औषधांवरचे ठळक इशारे काढण्याची घोषणा केली. वय, आजारांचा इतिहास आणि पाळी थांबून किती वर्षे झाली यावर फायदा-तोटा ठरतो, एवढाच त्याचा सर्वसामान्य अर्थ. मैत्रिणीला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही, आणि सहलीच्या तोंडावर ती सुरू करण्याची घाई तर नकोच.

मधुमेही मैत्रिणीने इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटातल्या सामानात तापमानाची खात्री नसते. जेवण लांबले तर साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना घाम आणि थरथर सुटू शकते, म्हणून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यात. प्रत्येकीने आपले आजार आणि औषधांची मूळ नावे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत खोलीतल्या मैत्रिणीकडे द्यावी. कंपनीची नावे गावागावांत बदलतात, मूळ नाव चेन्नईच्या डॉक्टरांनाही कळते. महाराष्ट्राप्रमाणे तमिळनाडूतही रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. आणि एक गोष्ट पाचही जणींना ठाऊक हवी. स्त्रियांत हृदयविकाराचा झटका नेहमी छातीत कळ येऊनच जाणवतो असे नाही. जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, विलक्षण थकवा, धाप ही त्याची रूपे असू शकतात. कॅन्टीनमधल्या वड्यामुळे पित्त झाले असेल, असे म्हणून थांबू नये.

दिवसाला दोनच मैफली

मार्गळीच्या कार्यक्रमपत्रिका हातात पडल्या की मोह आवरत नाही. म्युझिक अकादमीत सकाळी आठच्या सुमारास सप्रयोग व्याख्याने, दुपारी नव्या कलाकारांच्या मैफली, ज्यांतल्या अनेक विनामूल्य असतात, चारच्या सुमारास एक आणि संध्याकाळी नामवंतांची मुख्य मैफल. तमिळ भाषेत मैफलीला ‘कच्चेरी’ म्हणतात, त्यामुळे ‘दिवसभर कच्चेरीत होतो’ हे वाक्य मराठी कानाला गमतीचे वाटते. पण मुख्य कच्चेरी अडीच-तीन तास चालते. पन्नाशीतल्या कमरेने आणि मूत्राशयाने दिवसाला चार कच्चेऱ्या सोसाव्यात ही अपेक्षा रास्त नाही. नेदरलँड्सच्या अभ्यासातल्या निवांतपणाचा अर्थ इथे सरळ आहे: एक दुपारची, एक संध्याकाळची, आणि मधले तास रिकामे.

खुर्ची मधल्या वाटेच्या कडेची घ्यावी. मैफलीत मृदंग आणि घटम् यांचे स्वतंत्र वादन येते, त्याला तनि आवर्तनम् म्हणतात. त्या वेळी उठून बाहेर जाणारे श्रोते हा चेन्नईतला जुना वादाचा मुद्दा आहे. वादकांचा अपमान नको म्हणून लघवी दाबून बसणे हेही शहाणपणाचे नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्याने मूत्रमार्गाचे अस्तर नाजूक होते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. पाणी कमी पिणे हा त्यावरचा उपाय अनेकजणी करतात आणि त्यानेच त्रास वाढतो. दोन मैफलींच्या मधे आणि मैफल सुरू होण्याआधी जाऊन येण्याची सवय ठेवली तर तनि आवर्तनम् शांतपणे ऐकता येते.

वातानुकूलित सभागृहात थंडी वाजते आणि दहा मिनिटांनी अंगातून वाफा निघतात, हा अनुभव या वयातल्या अनेकींना परका नसेल. सुती कपडे आणि काढता-घालता येईल अशी शाल किंवा ओढणी एवढ्याने बरेच भागते. वाफांना कॉफी आणि तिखट काहींच्या बाबतीत चिथावणी देतात. सभांच्या कॅन्टीनमधली फिल्टर कॉफी चुकवणे हा अन्यायच होईल, पण कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. दुपारी तीनची कॉफी चालेल. रात्रीच्या मैफलीनंतरची मात्र पहाटेपर्यंत जागवू शकते. केळीच्या पानावरच्या जेवणाला जागा ठेवायची तर सकाळचा पोंगल मैत्रिणीबरोबर अर्धा वाटून घ्यावा.

पहाटेसाठी मैलापूर आहे. मार्गळीत कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून भजने गात फिरणाऱ्या मंडळ्या निघतात, दारांत कोलम म्हणजे रांगोळ्या घातलेल्या असतात. या महिन्यात आंडाळ या संत कवयित्रीची तीस पदांची ‘तिरुप्पावै’ गायली जाते. तिच्यात मुली पहाटे एकमेकींना हाका मारून उठवतात आणि मिळून बाहेर पडतात. पाऊण तास या रस्त्यांवरून चालणे हा गुडघ्यांना आणि साखरेला मानवणारा व्यायाम आहे, आणि सकाळचा उजेड झोपेची घडी बसवायला मदत करतो.

मराठी कानांना या शहरात परके वाटत नाही, त्यालाही इतिहास आहे. तंजावरच्या मराठी राजवटीत मराठी कीर्तन तमिळ प्रदेशात गेले आणि तिथल्या हरिकथेच्या परंपरेत मिसळले. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी कर्नाटक संगीताच्या मंचावर अभंग लोकप्रिय केले. म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान त्यांना २०१८ मध्ये मिळाला. हा सन्मान पहिल्यांदा एका स्त्रीला, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांना, मिळायला १९६८ साल उजाडावे लागले होते.

पाऊस, डास, आवाज

चेन्नईचा पावसाळा आपल्या उलट असतो. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला ‘मिचाँग’ चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेले आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. डिसेंबरच्या उत्तरार्धात पाऊस सहसा ओसरतो, म्हणून २० तारखेनंतरचा बेत बरा. तिकिटे रद्द करता येतील अशी घ्यावीत आणि औषधे चार दिवस जादा ठेवावीत. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये, पायाला जखम किंवा मधुमेह असेल तर मुळीच नाही. पावसानंतर डेंग्यूचे डास वाढतात आणि ते दिवसा चावतात. मच्छरदाणीपेक्षा दुपारच्या मैफलीआधी हातापायांना लावलेले मलम अधिक कामाचे. ताप आला तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. पॅरासिटामॉल घेऊन रक्त तपासावे.

एखाद्या रात्री गटाला मोठ्या आवाजाच्या आधुनिक संगीताची हौस आली तर कानांचाही विचार हवा. कार्यक्रमस्थळी सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवले आहे. हाताच्या अंतरावरच्या मैत्रिणीशी ओरडून बोलावे लागत असेल तर ध्वनिक्षेपकापासून दूर सरकावे. कानात नंतर गुणगुण राहिली तर तो इशारा समजावा.

ज्यांना जाता येत नाही

हे सगळे वाचताना एक गोष्ट डोळ्याआड होऊ नये. विमान, हॉटेल आणि चार दिवसांची रजा परवडणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. त्या गटातल्याच एखाद्या मैत्रिणीलाही ते परवडत नसते, आणि ती ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असे सांगून बाजूला होते. खर्चाचा आकडा गटाने सगळ्यात कमी पैसे असलेल्या मैत्रिणीला विचारून ठरवला, तर दुपारच्या विनामूल्य मैफली, रेल्वे आणि साधी खोली यांत चेन्नई बरेच स्वस्त होते. ज्या घरात तिला रजाच नाही, तिथे मात्र स्वस्ताईने काही होत नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या किंवा शेतमजुरी करणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी.

तरीही ही गरज नवी किंवा शहरी नाही. आषाढीच्या वारीत डोक्यावर तुळस घेऊन अभंग गात चालणाऱ्या, घर सुनेवर सोपवून आलेल्या पन्नाशी-साठीच्या बायका महाराष्ट्राला परिचित आहेत. भजनी मंडळ, मंगळागौर, भिशी यांनीही हेच काम केले. घराबाहेर, बरोबरीच्या बायकांत, गाण्याच्या निमित्ताने काही तास. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. या सवलतीचे मोजमाप बहुधा महामंडळाच्या तोट्याच्या भाषेत होते. आरोग्य खात्याने तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायला हरकत नाही: किती जणींनी या तिकिटावर बहीण, मैत्रीण किंवा दवाखाना गाठला. एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे असे जागतिक ठराव म्हणत असेल, तर त्याची मोजणी एकोणपन्नासनंतरच्या स्त्रीपासून सुरू व्हायला हवी.

चेन्नईहून परतणाऱ्या पाच जणींसाठी उरते ते एक साधे काम. सुट्टीचा आनंद घरी आल्यावर लवकर विरतो, हे अभ्यास सांगतात. म्हणून पुढच्या भेटीची तारीख परतीच्या प्रवासातच ठरवावी. महिन्यातून एक संध्याकाळ, गावातल्याच एखाद्या मैफलीला किंवा कुणाच्या तरी गच्चीवर. आणि घरी सोपवलेली कामे, निदान एक-दोन तरी, परत मागून घेऊ नयेत.